बातमीमागचा कागद पुण्यातल्या ग्रंथालयांत कुठे सापडतो?

कोथरूडकर (धागा लेखिका)

सर्वांना नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत घरात, कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपवर ज्या विषयाने सर्वांत जास्त जागा व्यापली, तो म्हणजे जातनिहाय जनगणना. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय घेतला, १६ जूनला अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा मोजणीचा संदर्भ दिनांक ठरला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. या चर्चेत एक वाक्य हमखास येते, ते म्हणजे सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध झालेली मोजणी १९३१ सालची आहे. मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते आणि हे वाक्य वर्गात अनेक वर्षे सांगत आले, मात्र १९३१ चा अहवाल मी स्वतः कधी उघडून पाहिला नव्हता. आमच्या सोसायटीच्या गटावर 'महाराष्ट्र, १९३१' असा मथळा असलेला जातवार टक्केवारीचा तक्ता फिरू लागला, त्यावरून दोन शेजाऱ्यांमध्ये कडाक्याचे वाजले, आणि तेव्हा मात्र मूळ कागद पाहिल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही, असे मी ठरवले.

त्यासाठी मी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात गेले. संस्था १९३० सालची आहे आणि जुन्या शासकीय अहवालांचा तिथला संग्रह अभ्यासकांना चांगला परिचित आहे. समोर आलेला मुंबई इलाख्याचा खंड जाडजूड होता, कडा तपकिरी पडल्या होत्या आणि पान उलटताना कागदाचा बारीक चुरा टेबलावर पडत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी पान धरून उलटत होते. जातींच्या तक्त्यात डावीकडे नाव आणि पुढे एकूण, पुरुष, स्त्रिया असे स्तंभ आहेत. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्या खंडात 'महाराष्ट्र' कुठेही नाही, आणि असणारही कसा? राज्य झाले १ मे १९६० रोजी. १९३१ च्या मुंबई इलाख्यात पुणे, सातारा, नाशिक आहेत, पण त्याच पुठ्ठ्यांच्या आत अहमदाबाद, धारवाड आणि थेट सिंधमधले कराचीही आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला पाहायचे तर मध्य प्रांत व वऱ्हाडचा खंड काढावा लागतो, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या स्वतंत्र खंडात आहेत. म्हणजे 'महाराष्ट्र, १९३१' असा आकडा कोणी देत असेल, तर त्याने किमान तीन खंडांतील जिल्हे निवडून, बदललेल्या हद्दींचा विचार करून बेरीज केलेली असली पाहिजे, आणि ती कशी केली हे त्याने सांगितलेच पाहिजे. आमच्या गटावरच्या तक्त्याखाली असे काहीही लिहिलेले नव्हते.

त्या दिवशी घरी येताना मनात आले, की बातमी आपल्यापर्यंत काही मिनिटांत पोहोचते आणि तिच्यामागचा कागद आपल्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर वर्षानुवर्षे कपाटात असतो. या दोहोंची गाठ घालून देणारे मात्र कोणी नसते. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांच्या ग्रंथालयांनी चालू विषयांवर आपल्याकडे काय आहे, हे दर्शनी भागात मांडले, तर किती वाद सुरू होण्याआधीच मिटतील! ते होईल तेव्हा होवो. तोपर्यंत आपण या धाग्यावर चालू बातमी, तिच्यामागचा मूळ कागद आणि तो पुण्यात कुठे पाहता येतो, अशा नोंदी करू या का? कृपया स्वतः पाहिलेलेच लिहावे, ऐकीव माहिती नको.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, आपला धागा वाचून फार आनंद झाला. मी चौतीस वर्षे ग्रंथालयात काम केले, त्यातली निम्मी संदर्भ विभागात, त्यामुळे आपण म्हणता ती गाठ पूर्वी कशी घातली जात असे, हे आधी सांगतो.

सकाळी साडेआठला वर्तमानपत्रांचा गठ्ठा येई. आमचे वरिष्ठ लाल पेन्सिलीने बातम्यांना खुणा करत आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाचकांचे वाचून झाल्यावर, मी पट्टी धरून ती कात्रणे कापत असे. प्रत्येक कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचे, वरच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचे नाव, तारीख व पान लिहायचे आणि विषयाच्या फायलीत लावायचे, असा शिरस्ता होता. पण खरे काम त्यानंतरचे होते. फायलीच्या पहिल्या पानावर आम्ही 'हेही पाहा' असे लिहून त्या विषयावरचे अहवाल, आयोग, कायदे आणि पुस्तके यांचे वर्गांक, म्हणजे ती कोणत्या जागी ठेवली आहेत ते सांगणारे क्रमांक, देत असू. दुष्काळाची बातमी वाचायला आलेला माणूस त्या एका पानामुळे सिंचन आयोगाच्या अहवालापर्यंत पोहोचत असे. डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले तेही १९३१ सालीच, आणि त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. आपल्या जनगणनेचे आणि त्या नियमांचे वर्ष एकच निघाले, म्हणून सहज आठवण झाली.

आता व्यवहाराचे सांगतो. अनेक जण ग्रंथालयाच्या संगणकावर 'जातनिहाय जनगणना' असे टंकतात आणि काही मिळाले नाही म्हणून परत जातात. जुने शासकीय अहवाल इंग्रजीत आहेत आणि त्यांच्या नोंदी विषयाच्या आजच्या नावाने नसून ज्या कार्यालयाने अहवाल काढला त्याच्या नावाने असतात. म्हणून 'सेन्सस ऑफ इंडिया' आणि वर्ष असे शोधावे, किंवा सरळ संदर्भ विभागात जाऊन 'शासकीय प्रकाशने कुठे ठेवली आहेत' असे विचारावे. ती बहुतेक ठिकाणी वेगळ्या दालनात किंवा वेगळ्या मांडणीवर असतात. गोखले संस्थेने आपल्या संग्रहातील जुने अहवाल मोठ्या प्रमाणावर स्कॅन करून महाजालावर खुले केले आहेत, त्यामुळे चुरा होणारी पाने हाताळण्याआधी ते तिथे आहेत का, हे पाहून घ्यावे. त्यात कागदाचेही भले आहे.

१९३१ चे आकडे वापरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो सविनय कायदेभंगाचा काळ होता आणि काही ठिकाणी लोकांनी शिरगणतीवर बहिष्कार घातला होता. जनगणना आयुक्त जे. एच. हटन यांनी ही अडचण अहवालात नोंदवली आहे. तक्ता वाचण्याआधी प्रस्तावना वाचावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत असे.

पेठेतला बातमीदार

विषय अतिशय महत्त्वाचा आहे, पण वृत्तपत्राच्या बाजूने दोन अडचणी मांडतो. पहिली वेळेची. दुपारी चार वाजता शासन निर्णय येतो आणि सातपर्यंत बातमी द्यावी लागते, तेवढ्यात ग्रंथालयात जाऊन खंड काढणे शक्य होत नाही. दुसरी प्रवेशाची. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ग्रंथालयात मी जुना अहवाल पाहायला गेलो, तेव्हा मला शिफारसपत्र मागितले. पत्र आणले, तर ते विभागप्रमुखाच्या सहीचे हवे, असे सांगितले. तिसऱ्या दिवशी संबंधित कर्मचारी रजेवर होते. चौथ्या दिवशी मी गेलो नाही आणि त्या बातमीत तो संदर्भ आला नाही. करदात्यांच्या पैशातून उभे राहिलेले संग्रह करदात्यालाच पाहता येऊ नयेत, याचे मला आजही वाईट वाटते.

एक शंकाही आहे. ग्रंथालयांनी चालू विषयांची दालने केली, तर आरक्षण किंवा भाषाधोरणासारख्या विषयांवर कोणता कागद पुढे ठेवला आणि कोणता मागे, यावरूनच वाद होणार नाहीत का?

निवृत्त ग्रंथपाल

प्रवेशाबाबत आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि ग्रंथालयात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला त्याची खंत वाटते. मौल्यवान संग्रह जपण्यासाठी नियम हवेत, पण बाहेरच्या वाचकाला ओळखपत्र दाखवून आणि एक अर्ज भरून वाचनकक्षात बसून वाचता आले पाहिजे, आणि तो नियम दारावर मराठीत लावलेला असला पाहिजे.

शंकेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ग्रंथालयाने मत देऊ नये, कागद द्यावा. मराठा आरक्षणासंबंधीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाचे उदाहरण घ्या. त्या आठवड्यात कोणी 'हैदराबाद गॅझेट' म्हणत होते, कोणी 'गॅझेटियर', आणि हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जात होते. वास्तविक गॅझेट म्हणजे राजपत्र, ज्यात सरकारचे हुकूम आणि अधिसूचना छापल्या जातात, आणि गॅझेटियर म्हणजे एखाद्या जिल्ह्याची किंवा प्रांताची भूगोल, इतिहास, शेती, लोकवस्ती अशी सर्वांगीण माहिती देणारा ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतला पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ साली निघाला, तो पाहिला की हा फरक कोणालाही पाच मिनिटांत कळतो. ग्रंथालयाने त्या आठवड्यात फक्त एका टेबलावर तो शासन निर्णय, एक जुने राजपत्र आणि एक गॅझेटियर शेजारी शेजारी ठेवले असते, तरी कोणाचीही बाजू न घेता केवढे काम झाले असते! कागद तारखेप्रमाणे लावावेत आणि न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंचे ठेवावेत. क्रम तारखेने ठरवला, की आपण म्हणता त्या वादाला फारशी जागा उरत नाही.

आंबेगावची विद्यार्थिनी

नमस्कार काका, नमस्कार ताई. मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते आणि ग्रंथालयामुळे मला स्वतःला काय मिळाले, ते सांगते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा आमच्या घरी फार घबराट होती. माझी मावशी किरकटवाडीत राहते. कोंबडी खाऊ नका, पनीर खाऊ नका, हा संसर्ग शिंकण्याने पसरतो, असे निरोप रोज येत होते. त्याच महिन्यात, १ जानेवारीपासून, 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू झाली होती. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मान्यता देऊन तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या शिक्षणसंस्थांना खुली झाली. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला जवळ बसवून शोध कसा घ्यायचा ते दाखवले. आजाराचे नाव एका चौकटीत, जिवाणूचे दुसऱ्या, आणि मग वर्षांची मर्यादा. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि हा आजार यांचा संबंध कित्येक वर्षांपासून अभ्यासला गेला आहे, आणि २०१९ साली पेरू देशात अशीच मोठी साथ येऊन गेली आहे, हे मला त्या दुपारी कळले. जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात, म्हणून शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे हा आजार स्वतः एकाकडून दुसऱ्याला शिंकण्याने होत नाही. मावशीला मी फोनवर एवढेच सांगितले, की पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा आणि हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर एक दिवसही न थांबता रुग्णालयात जा. तिला धीर आला, कारण मी हे कुठे वाचले ते तिला सांगू शकले.

पण या योजनेचा लाभ शासकीय संस्थांपुरता आहे. माझी मैत्रीण विनाअनुदानित खासगी महाविद्यालयात आहे, तिला तो मिळत नाही आणि बातमीदार काकांनाही मिळणार नाही. त्यांच्यासाठी 'शोधगंगा' आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे जमा होऊ लागले आणि ते कोणालाही, कोणतेही सदस्यत्व न घेता वाचता येतात. रात्री दहा वाजताही वाचता येतात, त्यामुळे सातची वेळ पाळायची असेल तरी चारला शोध घेता येईल.

भोरकर

माझी विनंती पाण्याच्या विषयाची आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पुण्यात एकतानगरीत घरे बुडाली, तेव्हा आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांनी लगेच १२ जुलै १९६१ ची, पानशेत धरण फुटल्याच्या दिवसाची आठवण काढली. दर पावसाळ्यात 'पुन्हा पानशेत होणार का' अशी बातमी येतेच. त्या वेळी नेमके काय झाले, हे सांगणारा मूळ कागद कोणता?

निवृत्त ग्रंथपाल

चौकशी आयोगाचा अहवाल हाच तो कागद. आयोगाच्या पहिल्या अध्यक्षांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पूर्ण केले. मोठ्या ग्रंथालयांत तो महाराष्ट्र शासनाच्या प्रकाशनांत शोधावा. त्याच्या जोडीला विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तांत पाहावेत, कारण त्या अधिवेशनात सदस्यांनी विचारलेले प्रश्न फार नेमके आहेत. आणि 'केसरी' व 'सकाळ' यांचे त्या आठवड्याचे बांधीव अंक मिळाले तर अवश्य पाहावेत. मी ते एकदा पाहिले आहेत. आतल्या पानावर हरवलेल्या माणसांच्या आणि सापडलेल्या भांड्यांच्या छोट्या निवेदनांची ओळ लागलेली होती, आणि ती वाचल्यावर धरणाच्या भिंतीची उंची किंवा विसर्गाचा आकडा निव्वळ आकडा म्हणून वाचता येत नाही.

मात्र दोन घटनांची गल्लत होऊ देऊ नये. १९६१ मध्ये धरण फुटले होते. २०२४ मध्ये धरणे शाबूत होती, विसर्ग, नदीपात्रातील भराव, पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ती आखलेली हद्द) आणि लोकांपर्यंत वेळेत न पोहोचलेली सूचना हे प्रश्न होते. त्यासाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या व लाल पूररेषांचे नकाशे पाहायला हवेत.

पेठेतला बातमीदार

माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. वेळ मिळत नाही हे खरे, पण पानशेत, जनगणना, भाषाधोरण हे विषय पुन्हा पुन्हा येणार हे आम्हाला आधीच माहीत असते. बातमी फुटण्याआधी कागदांची यादी तयार असेल, तर तीन तास पुरतात. प्रवेशाबाबतचा अर्धा आक्षेप मात्र कायम आहे.

भाषेचा विषय मी घेतो. पहिलीपासून तिसरी भाषा लागू करण्याचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले, पण चर्चा थांबलेली नाही. मुलांना कोणत्या वयात कोणती भाषा शिकवावी, याविषयी कोठारी शिक्षण आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात काय म्हटले होते, ते मी मूळ अहवालातून उतरवून इथे देईन.

आंबेगावची विद्यार्थिनी

त्याच्याही मागे जाता येईल. ज्यांच्या नावाने आमचे विद्यापीठ आहे त्या सावित्रीबाईंच्या घरातूनच, म्हणजे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे, प्राथमिक शिक्षणाविषयी निवेदन दिले होते. ते आयोगाच्या मुंबई प्रांताच्या साक्षींबरोबर छापलेले आहे. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय १९५० पासूनचे आहे, तिथे मी विचारते. उद्धृते खूप फिरतात, मला पूर्ण निवेदन हवे आहे.

कोथरूडकर (धागा लेखिका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात मी गोखले संस्थेच्या ग्रंथालयात पुन्हा दोनदा जाऊन आले, तिथे पाहिलेले नोंदवते.

हैदराबाद संस्थानाच्या १९३१ च्या खंडातून मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांची आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या खंडातून आठ जिल्ह्यांची पाने मी वहीत उतरवून घेतली. तिन्ही खंडांत जातींची नावे एकाच पद्धतीने लिहिलेली नाहीत. एका ठिकाणी स्वतंत्र ओळ असलेला समाज दुसऱ्या ठिकाणी मोठ्या गटात धरलेला दिसतो, त्यामुळे नुसती बेरीज करणे मला योग्य वाटले नाही आणि मी ती केलेली नाही. आमच्या सोसायटीच्या गटावर मी तिन्ही पानांची छायाचित्रे, त्यांच्या मुखपृष्ठांसह, टाकली आणि हाच मजकूर खाली लिहिला. ज्या शेजाऱ्यांमध्ये वाद झाला होता, त्यांपैकी एकांनी हैदराबादचा खंड पाहायला येण्याची इच्छा दाखवली आहे. त्यांचे आजोळ परभणीचे आहे.

येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी संदर्भ विभागात असेन. भोरकर, पूररेषांचे नकाशे मिळाले तर त्यांवरील आखणीची तारीख अवश्य टिपून घ्यावी. ग्रंथपाल सर, आपण फायलीच्या पहिल्या पानावर लिहीत होता तसे 'हेही पाहा' हे पान जनगणनेसाठी आपल्या हाताने करून द्याल का? ते मी स्वच्छ टंकून घेईन आणि संबंधित ग्रंथालयांच्या प्रमुखांना, दर्शनी फलकावर लावण्याच्या विनंतीसह, प्रत्यक्ष भेटून देईन.

निवृत्त ग्रंथपाल

अवश्य. शनिवारी घेऊन येतो. वर्गांक आजच्या मांडणीप्रमाणे ताडून पाहावे लागतील, म्हणून मी साडेदहालाच पोहोचतो.